कीबोर्ड फार मळलाय, काही न बिघडवता साफ कसा करायचा?

तिसरी_रांग

दोन कीबोर्ड साफ करायचे आहेत.

पहिला वायरचा मेकॅनिकल (प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असलेला), १०४ कळांचा. स्विच सोल्डर केलेले आहेत, उपटून निघणारे नाहीत. फटींमध्ये केस, धूळ, खाण्याचे कण. कळांवर बोटांच्या तेलाचा काळपट थर. डावी शिफ्ट दाबली की वर यायला वेळ लावते.

दुसरा लॅपटॉपचा, चपट्या कळांचा. त्यात 'एन'च्या खाली काहीतरी अडकलंय, दाबताना करकर आवाज येतो.

शोधलं तर दर दुसरा माणूस वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं भांडी धुण्याच्या मशीनमध्ये टाका, कुणी स्पिरिट शिंपडायला सांगतं, कुणी ती रंगीत जेली थापायला. म्हणून नेमकं विचारतो: आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किती टक्क्यांचं घ्यायचं? कीकॅप (कळांच्या वरच्या सुट्या टोप्या) पाण्यात भिजवल्या तर अक्षरं जातात का? आणि लॅपटॉपच्या कळा उपटाव्यात की नाही?

---

खटखट

मेकॅनिकलचं मी सांगतो, लॅपटॉपचं दुसरं कुणी सांगेल.

पहिलं काम वायर काढणं. बिनवायरचा असेल तर बटण बंद करून सेलही बाहेर. मग वरून सरळ एक फोटो घ्या. १०४ कळांची जागा पाठ आहे असं प्रत्येकालाच वाटतं, पण पॉज, स्क्रोल लॉक आणि इन्सर्टच्या घोळक्यापाशी सगळे अडतात.

कीकॅप काढायला तारेचा पुलर घ्या. प्लॅस्टिकच्या गोल पुलरने कळांच्या कडांवर ओरखडे पडतात. तारेचे दोन फास कळेच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांखाली सरकवा आणि सरळ वर ओढा. पिळायचं नाही, तिरकं ओढायचं नाही. स्विचचा दांडा म्हणजे वर अधिक चिन्हासारखा भाग असलेला प्लॅस्टिकचा तुकडा. तो मोडला तर सोल्डर केलेल्या कीबोर्डात अख्खा स्विच बदलावा लागतो. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्ट शेवटी काढा, कारण त्यांच्याखाली स्टॅबिलायझर असतो, म्हणजे लांब कळ दोन्ही टोकांना सारखी खाली जावी म्हणून लावलेली तार. या लांब कळा दोन्ही टोकांनी थोड्या थोड्या उचलायच्या.

कीकॅप धुणं सोपं आहे. एक लिटर कोमट पाणी, म्हणजे चाळीस अंशांच्या आसपास, हाताला सुखद लागेल इतकंच. त्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. तास-दीड तास भिजत ठेवा, मग मऊ टूथब्रशने कडा घासा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. विसळताना गाळणी वापरा, नाहीतर एस्केप सिंकच्या भोकातून निघून जाईल आणि ती एकटी कुठे विकत मिळत नाही. उकळतं पाणी नको. स्वस्त कीकॅप बहुतेक एबीएस प्लॅस्टिकच्या असतात आणि हे प्लॅस्टिक मऊ पडायला लागतं ते तापमान उकळत्या पाण्यापेक्षा फार वर नाही. लहान कळा वाचतात, स्पेसबार मात्र केळ्यासारखी वाकते.

वाळवताना पोकळ बाजू खाली करून कोरड्या कापडावर मांडा आणि चोवीस तास हात लावू नका. वरून कोरडी दिसणारी कीकॅपसुद्धा मधल्या खाचेत एखादा थेंब धरून बसते, आणि बसवली की तो थेंब दांड्यावरून थेट स्विचमध्ये उतरतो. हेअर ड्रायर नको, कारण वर सांगितलंच.

कीकॅप वाळताहेत तोवर सांगाडा. इथे क्रम चुकवू नका: आधी सगळं कोरडं काम, मग ओलं. धुळीवर अल्कोहोल पडलं की तिचा चिखल होतो आणि तो चिखल स्विचच्या फटीत जातो. कीबोर्ड उलटा करून पाठीवर थोपटा. रंगकामाच्या मऊ ब्रशने रांगेरांगेने झाडा. कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी ब्लोअर असेल तर उत्तम. केस चिमट्याने वेचा. व्हॅक्यूम चालेल, पण मऊ ब्रशचं तोंड लावून आणि वायर काढलेली असतानाच. नुसतं प्लॅस्टिकचं नळकांडं घासलं की स्थिर वीज साचते. मग कॉटन बड आयपीएमध्ये बुडवा, पिळा, आणि स्विचच्या मधला पत्रा पुसा. बडमधून थेंब गळत असेल तर तो जास्त ओला आहे.

शिफ्टच्या दुखण्याचा दोष बहुधा स्टॅबिलायझरचा. त्याच्या तारेवरचं ग्रीस वाळून धुळीशी मिसळलं की ते गोंदासारखं वागतं. आयपीएच्या बडने तारेची टोकं आणि प्लॅस्टिकची घरं पुसून काढा, वाळू द्या, मग तार जिथे प्लॅस्टिकमध्ये शिरते तिथे टाचणीच्या डोक्याएवढं डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस. डब्ल्यूडी-४० किंवा शिलाई मशीनचं तेल नको. चार दिवस कळ लोण्यासारखी चालते, मग त्या तेलावर धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा वाईट अडकते.

---

शून्य_ओहम

टक्क्यांबद्दल. ७० टक्के आयपीएमध्ये उरलेलं ३० टक्के पाणी असतं. त्यामुळेच जंतू मारायला ते सरस ठरतं: पाण्यामुळे उडून जायला वेळ लागतो आणि द्रव पृष्ठभागावर टिकतो. कळांचे माथे पुसायला ७० पुरेसं. स्विच, सर्किट बोर्ड किंवा मेंब्रेनच्या (स्वस्त कीबोर्डांतल्या कळांखालच्या पातळ प्लॅस्टिक चादरींच्या) जवळ जायचं असेल तर ९० च्या वर, मिळालं तर ९९. तिथे आपल्याला पाणी मागे राहायला नको असतं. टक्केवारी कोणतीही असो, द्रव कापडावर ओतायचा, कीबोर्डवर नाही. शिंपडलेला थेंब कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

आयपीएच्या नावाखाली लोक काय काय वापरतात तेही सांगतो. हँड सॅनिटायझर जेल नको: त्यात घट्टपणासाठी आणि त्वचेसाठी घातलेले पदार्थ असतात, ते उडत नाहीत, चिकट थर मागे राहतो. जखमेच्या स्पिरिटमध्ये काही वेळा तेलकट पदार्थ मिसळलेले असतात, बाटलीवर वाचून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर एबीएस अक्षरशः विरघळतं. कळेवर बोटाचा ठसा कायमचा उमटेल. ब्लीच नको, अमोनियावालं काच पुसायचं द्रवही नको, आणि ही दोन तर एकत्र कधीच नकोत, विषारी वायू तयार होतो.

अक्षरं जातात का, हे ती कशी उमटवली आहेत त्यावर आहे. कीकॅप उलटी करून पाहा. आतून दोन रंगांचं प्लॅस्टिक दिसलं तर ती डबल-शॉट. अक्षर हा प्लॅस्टिकचाच वेगळा तुकडा असतो, काहीही केलं तरी जाणार नाही. पीबीटी प्लॅस्टिकमध्ये रंग मुरवलेला असेल तर तोही टिकाऊ. धोका आहे तो वरून छापलेल्या अक्षरांना, ज्यांवर नख फिरवलं की किंचित उंचवटा लागतो. साबणाच्या पाण्याने ती सहसा जात नाहीत, पण अल्कोहोल लावून जोरात घासलं तर फिकट होतात. शंका असेल तर आधी स्क्रोल लॉकवर प्रयोग करा. गेलं अक्षर तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

आणखी एक. ए, ई, स्पेसबार यांवर येणारी चकाकी हा मळ नसतो. बोटांनी घासून एबीएसचा खरखरीतपणा गेलेला असतो. तो साबणाने परत येत नाही. ते पांढरे 'जादूचे' स्पंज (मेलामाइन फोम) वापरू नका, ते म्हणजे फार बारीक सँडपेपर आहे. आधी पोत जातो, मग छापलेलं अक्षर. जुन्या पांढऱ्या कीबोर्डचा पिवळेपणाही मळ नाही. अतिनील प्रकाशाने आणि उष्णतेने प्लॅस्टिकचाच रंग बदललेला असतो, घासण्यात अर्थ नाही.

---

कोरडं_फडकं

लॅपटॉप. इथे नियम उलटा: जितकं कमी उघडाल तितकं बरं.

पूर्ण शटडाउन करा, स्लीप नाही. चार्जर काढा. काही लॅपटॉप झाकण उघडलं की किंवा कोणतीही कळ दाबली की सुरू होतात, त्यामुळे पुसता पुसता स्क्रीन उजळली तर परत बंद करा. बॅटरी आत असते, म्हणजे बोर्डावर कुठे ना कुठे वीज असतेच. द्रव वापरायची कंजूषी करायची ती म्हणूनच.

'एन'च्या करकरीवर पहिला उपाय हवेचा कॅन. लॅपटॉप साधारण ७५ अंशांत तिरका धरा, म्हणजे जवळजवळ उभा. नळी कळांपासून थोडी दूर ठेवून डावीकडून उजवीकडे नागमोडी फुंकत जा. मग लॅपटॉप उजव्या कुशीवर वळवून तसंच, मग डाव्या कुशीवर. तीन दिशांनी फुंकण्याचं कारण असं की कण एका बाजूने मोकळा झाला तरी दुसऱ्या बाजूच्या बिजागरीत जाऊन बसतो. कॅन उभाच धरायचा आणि हलवायचा नाही. तिरका झाला की वायूऐवजी गोठवणारा द्रव बाहेर येतो. एकेक सेकंदाचे झोत मारा; सलग दाबून धरलं तर कॅन गार पडून जोरही जातो. बऱ्याच कॅनमधला वायू ज्वलनशील असतो, शेजारी ज्योत किंवा गरम यंत्र नको.

त्याने नाही हललं तर चिकट चिठ्ठी, ती पिवळी नोट. गोंदाची बाजू वाकवून कळेच्या कडेखाली सरकवा आणि ओढून घ्या. केस आणि बारीक कण हिला चांगले चिकटतात.

कळ उपटणं सगळ्यात शेवटी, आणि तेही तुमच्या नेमक्या मॉडेलची कळ कोणत्या बाजूने सुटते हे आधी पाहून. खाली एकमेकांत अडकवलेल्या दोन नाजूक चौकटी असतात, कात्रीसारख्या. काही मॉडेलमध्ये त्या वरच्या कडेने सुटतात, काहींमध्ये खालच्या. चुकीच्या बाजूने ओढलं तर केसाएवढी खुंटी तुटते आणि कळ पुन्हा कधीच धड बसत नाही. प्लॅस्टिकची पातळ पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. आतली रबरी घुमटी जागेवर राहू द्या. लॅपटॉपच्या स्पेसबारला हात लावू नका, तिच्याखाली तारही असते.

वरून पुसायला मायक्रोफायबर, ७० टक्के आयपीएने नुसतं दमट. हाताखालची जागा रबरासारखी मऊ असेल तर तिथे अल्कोहोल नको, तो थर कालांतराने चिकट होतो. झाकण मिटण्याआधी कळा पूर्ण कोरड्या हव्यात. स्क्रीनवर चौकोनांची जाळी उमटते ती याच कळांवरच्या तेलाची.

जेलीबद्दल: गरम झाली की ती पातळ होते, लवते आणि तुकडे आत सोडते. कीकॅप काढलेल्या मेकॅनिकलवर तर तिचं काहीच काम नाही.

---

सुटे_भाग

भांडी धुण्याच्या मशीनचा प्रश्न राहिला. एखादा साधा कीबोर्ड त्यातून वाचतोही, म्हणून ही कल्पना मरत नाही. पण बहुतेक स्वस्त कीबोर्ड मेंब्रेनचे असतात: प्लॅस्टिकच्या तीन पातळ चादरी, वरच्या आणि खालच्या चादरीवर वीजवाहक शाईच्या रेघा, मधल्या चादरीला भोकं. दोन चादरींच्या मध्ये पाणी शिरलं की पसरत जातं आणि बाहेर यायला वाटच नसते. वरून आठवडाभर वाळवलं तरी आत ओलच. त्यात मशीनचं गरम पाणी आणि तिखट क्षारयुक्त पावडर. बिनवायरच्या कीबोर्डात लिथियम बॅटरी असेल तर विचारही नको.

'स्पिल-रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून धुवायला जाऊ नका. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की सांडलेलं पाणी वाहून जायला तळाला भोकं आहेत.

आणि दर महिन्याला सगळ्या कीकॅप उपटायची गरज नाही. आठवड्याला उलटा करून झटकणं आणि ब्रश, वर्षाकाठी एक-दोनदा पूर्ण सफाई. दर वेळी उपटलं की कीकॅपची खाच सैल होत जाते.

---

तिसरी_रांग

सगळ्यांचे आभार. कीकॅप काढून धुवायला टाकल्या. शिफ्टचा स्टॅबिलायझर पुसला तरी कळ हळूच वर येते. खाली पत्र्यावर तपकिरी वर्तुळ आहे, म्हणजे कधीतरी गोड चहा किंवा कोला सांडलेला दिसतो. ९९ टक्के आयपीएचे थेंब स्विचमध्ये टाकून पाहिले, तासाभरात पुन्हा तसंच. शिवाय 'ई' एकदा दाबलं की कधीकधी दोनदा उमटतं.

---

शून्य_ओहम

९९ ने होणारच नाही. साखर पाण्यात विरघळते, आयपीएमध्ये जवळजवळ नाहीच. तुम्ही साखर फक्त थोडी इकडची तिकडे केलीत. इथे पाणीच लागतं, पण डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर आत राहतात.

कृती अशी. वायर काढलेलीच असू दे. ड्रॉपरने शिफ्टच्या दांड्याशेजारी डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब, दांडा दाबून धरलेला असताना. पन्नास वेळा दाबा-सोडा. कीबोर्ड पालथा करून टिश्यू दांड्याला टेकवा, तपकिरी पाणी शोषलं जाईल. टिश्यू स्वच्छ निघेपर्यंत हे दोन-तीनदा करा. मग तसेच दोन थेंब ९९ टक्के आयपीएचे, पुन्हा पन्नास वेळा. आयपीए उरलेल्या पाण्यात मिसळून त्याला लवकर उडवून लावतं. शेवटी कीबोर्ड पालथाच, हवेशीर जागी किमान चोवीस तास, शक्य असेल तर अठ्ठेचाळीस. त्याआधी यूएसबीला जोडून 'चालतंय का' बघायचा मोह टाळा. ओल असताना वीज मिळाली की संपर्काचा धातू गंजतो, आणि हा गंज धुऊन जात नाही.

याची एक किंमत आहे. कारखान्यात लावलेलं वंगणही थोडं वाहून जातं, त्यामुळे ती कळ शेजारणींपेक्षा किंचित खरखरीत लागेल. चालायचंच.

'ई'चं दुखणं वेगळं असू शकतं. आधी कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावून पाहा, म्हणजे सेटिंगचा दोष आहे का ते कळेल. तिथेही दोनदा उमटलं तर आतल्या संपर्काच्या पातीवर धूळ किंवा थर आहे. अवशेष न ठेवणारा काँटॅक्ट क्लीनर, अगदी लहान झोत, आणि शंभर वेळा दाबणं. कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची (एका दाबानंतर किती वेळ दुसरा दाब धरायचा नाही याची) सेटिंग असेल तर ५ मिलिसेकंदांची १० करा, बहुतेकदा लक्षण झाकलं जातं. पण पाती झिजली असेल तर इलाज एकच: स्विच बदलणं. दोन टाके काढायचे, नवा स्विच, दोन टाके घालायचे.

---

कोरडं_फडकं

सांडण्याचा विषय निघालाच आहे म्हणून, पुढच्या वेळी पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं ते. वायर ओढा, फाइल सेव्ह करायला थांबू नका. कीबोर्ड पालथा करा. लॅपटॉप असेल तर चार्जर ओढा, पॉवरचं बटण बंद होईपर्यंत दाबून धरा आणि उघडाच टॉवेलवर तंबूसारखा पालथा घाला. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, फक्त पिठाची धूळ देतो. हेअर ड्रायरचा झोत द्रव आणखी आत ढकलतो. लॅपटॉपवर साखरेचं काही सांडलं असेल तर वाळायची वाट पाहत बसण्यापेक्षा उघडून साफ करून घेतलेलं बरं.

नंतर कळांची आख्खी रांग किंवा एका ओळीतल्या चार-पाच कळा एकदम मेल्या, तर एकेक कळ पुसत बसू नका. कळा आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीवर जोडलेल्या असतात. एक रेघ तुटली की तिच्यावरच्या सगळ्या जातात.

---

सुटे_भाग

बसवताना दोन गोष्टी. स्टॅबिलायझरवाल्या कळा आधी बसवा, शेजारी मोकळी जागा असते तोवर. दोन्ही टोकं आणि मध्य, तिन्ही जागी खुट्ट झालं पाहिजे. नुसता मध्य दाबला तर टोकाची खुंटी घराच्या बाहेर राहते आणि मग लोक म्हणतात साफ केल्यापासून स्पेसबार खडखडतो.

दुसरं, बहुतेक कीबोर्डांत प्रत्येक रांगेच्या कीकॅपची उंची आणि उतार वेगळा असतो. अक्षरं वाचता येतात म्हणून ती चुकत नाहीत. नंबरपॅडवरचा ६ आणि ९ मात्र बघून बसवा. ९ ची रांग 'क्यू'ची, ६ ची रांग 'ए'ची. उलटे धरले तर दोन्ही कीकॅप दोन्ही ठिकाणी आनंदाने बसतात, आणि चूक कळते ती आकडेमोड करताना.